चार फुटांवरचं पाणी

उसाला पाणी पाजावं तर नाथाजीनं, असं आष्ट्याजवळच्या त्या वाडीत लहानथोर सगळे म्हणत. नाथाजी स्वतः तर सगळ्यांत मोठ्यानं म्हणे. तसं बघायला गेलं तर दारं धरण्यात एवढं काय आहे? पाटाचं पाणी खोऱ्यानं एका सरीतून दुसरीत वळवायचं. कुणीही करील. पण दुसरा गडी सरी भरली की पाणी पुढं लावून बांधावर विडी ओढत बसायचा, आणि नाथाजी भरल्या सरीला आणखी थोडं द्यायचा. मग वाकून वरंब्याचा माथा भिजला का ते बघायचा. नसला भिजला तर, "घे गं बाई, लाजू नगंस," असं म्हणून वर आणखी घटकाभर. व्याह्याच्या पानात जिलबी वाढावी तसा हा माणूस उसाला पाणी वाढायचा, आणि ऊस बिचारा नको म्हणायला तोंड कुठून आणणार?

त्याला कारण होतं, ते आधी सांगतो, म्हणजे तुम्ही त्याला उगीच खुळ्यात काढणार नाही. नाथाजी मूळचा कवठे महांकाळच्या अंगाचा. तिकडं आभाळ आणि सरकार, दोघांकडंही मान वर करूनच बघावं लागतं. बाहत्तरच्या दुष्काळात त्यानं खडी फोडली, सुकडी खाल्ली आणि आडाच्या तळाशी दोरानं उतरून वाटीवाटीनं घागर भरली. एक घागर भरायला सकाळची दुपार व्हायची. पुढच्या उन्हाळ्यात बायको अंबूबाईला घेऊन तो ह्या कृष्णाकाठच्या वाडीत आला, तेव्हा उपसा योजनेचं पाणी भल्यामोठ्या नळातून हौदात पडत होतं. एवढं जाड पाणी त्यानं जन्मात बघितलं नव्हतं. तो धोतर-पैरणीसकट हौदात जाऊन बसला आणि उठायलाच तयार होईना. शेवटी योजनेचे चेअरमन लालासाहेब काठी घेऊन आले. "कोन हाय रं त्यो म्हशीवानी डुंबतोय?" असं त्यांनी दरडावलं, तर हा आतूनच हात जोडून म्हणाला, "मालक, मारायचं तर मारा, पर हितंच मारा." लालासाहेबांना हसू आवरेना. त्यांनी त्याला ओल्या कपड्यांनिशी चंद्राबाईच्या दारात नेऊन उभा केला.

चंद्राबाईचा नवरा पलटणीत नायब सुभेदार. वर्षातून दोन महिने यायचा, बांधाबांधानं फिरायचा आणि परत जायचा. पाच एकर ऊस, चार जनावरं आणि म्हातारी सासू, सगळं ही बाई एकटी ओढायची. तिला गडी हवाच होता. नाथाजीनं तीन वर्षं काम केलं, ते बघून तिनं ओढ्याकडच्या खालच्या कोपऱ्यातलं वीस गुंठे रान त्याला निम्म्या वाट्यानं दिलं.

"नाथाभाऊ," ती म्हणाली, "ह्ये रान तुमी राखलंसा तर हयातभर तुमच्याकडं. पर माज्या जिमिनीचं वाटोळं झालं, तर मी सुभेदारास्नी काय तोंड दावू? मंग तुमाला म्हांकाळची यष्टी धरावी लागंल. आत्ताच सांगून ठिवते."

नाथाजीनं बेलभंडारा उचलल्यासारखी मान हलवली. वाटोळं आणि त्याच्या हातून? पाणी कमी पडलं तर वाटोळं होतं, आणि पाणी कमी पाडायचं पाप तो ह्या जन्मी करणार नव्हता.

अठ्ठ्याहत्तरच्या माघात, ऊस तुटून गेल्यावर, त्याला आपल्या कोपऱ्यातल्या वरंब्यावर पांढरं दिसलं. आधी वाटलं, कुणी पीठ सांडलं. बोट लावून चाटलं तर खारट. दोन दिवसांत ते पांढरं घोंगडीएवढं पसरलं आणि आठवड्यात अंगणाएवढं झालं. तोडलेल्या बुडख्यांना फुटलेले खोडव्याचे कोंब पिवळे पडून मुडपायला लागले. जमीन फुटली, खार वर आला, हे दुसऱ्या कुणाच्याही रानात असतं तर नाथाजीनंच पहिल्यांदा बोंब मारली असती. स्वतःच्या रानात बघून त्यानं आधी आजूबाजूला कुणी नाही ना, ते बघितलं. चंद्राबाईनं बघितलं तर संपलंच की! मग त्यानं काय करावं? जे जगात कुठल्या शेतकऱ्यानं केलं नसेल ते केलं. घरनं खराटा आणला आणि शेत झाडायला लागला.

रोज सकाळी न्याहारीच्या आधी पांढरं लोटायचं, पाटीत भरायचं आणि ओढ्यात टाकून यायचं. वर उपाय म्हणून उरलेलं धुऊन जावं असा विचार करून त्या कोपऱ्याला आणखी जरा जास्त पाणी द्यायचं. दुसऱ्या दिवशी पांढरं दुप्पट.

"आवं," अंबूबाई म्हणाली, "घरचं अंगन कवा लोटलं न्हाईसा आन रानाला खराटा मारताय. उद्या सडा घालून रांगूळी काढू का तितं?"

"तू गप बस. कुनाला बोललीस तर बग."

"मी कशाला बोलू? लोकांस्नी काय डोळं न्हाईत व्हय?"

डोळे होतेच, आणि त्यातले दोन लालासाहेबांचे होते. त्यांनी एके दिवशी ओढ्यापाशी त्याला पाटीसकट गाठलं. "काय रं, काय न्हेतोयास?"

"राख," नाथाजीच्या तोंडातून निघून गेलं. "चुलीतली. उसाला लय भारी असती."

आता नाथाजी म्हणजे उसातला जाणता माणूस. तो रोज सकाळी राखेची पाटी वाहतो म्हटल्यावर त्यात काहीतरी असणारच. राख रानातून बाहेर निघाली होती की रानात चालली होती, एवढी चौकशी करायला लालासाहेबांना फुरसत नव्हती. त्यांनी त्याच दिवशी घरच्या तिन्ही चुली खरवडून राख उसात फेकली. ते बघून शेजाऱ्यानं फेकली. पंधरा दिवसांत वाडीत भांडी घासायला चिमूटभर राख मिळेना, आणि बायका नाथाजीच्या नावानं बोटं मोडायला लागल्या.

असा सगळा आनंद चालला असताना साखर कारखान्याचे शेती ओव्हरसियर फटफटीवरून वाडीत आले. बादशहा मुल्ला त्यांचं नाव. रहिमतपूरचा माणूस, अंगानं किरकोळ, पण आवाज असा की चावडीत बोलले तर ओढ्यापलीकडची म्हैस मान वर करायची. आजूबाजूच्या गावांत उसाचा उतारा घटत चालला होता म्हणून त्यांना कारखान्यानं गावोगाव सांगत फिरायला लावलं होतं. चावडीपुढं सगळे जमले. मुल्लासाहेबांनी डोक्यावरची टोपी मांडीवर काढून ठेवली आणि सुरुवात केली.

"मंडळी, तुमी पान्याच्या पाळीवर पाळी लावून सऱ्या तुंबवताय. मुळांस्नी वारं बी लागतं, नुसतं पानी न्हाई. वरनं पानी मुरतंय, त्येला जायला वाट न्हाई, मंग त्ये पोटातला खार घिऊन वर येतंय. सोन्यासारखी रानं फुटाय लागल्यात. पाचट जाळू नका, रानातच कुजवा. दोन-तीन वर्सांनी एकदा ताग पेरून हिरवाच मातीत गाडा. चर काढा. आन पाळी जरा लांबवा. उसाला थोडी तान लागू द्या."

वाडीनं मान डोलावली. मान डोलावण्यात त्या वाडीचा हात कुणी धरला नसता. पण मागं बसलेला नाथाजी ताडकन उठला. पांढऱ्या कोपऱ्याची भीती मनात होतीच, पण 'तान लागू द्या' हे शब्द कानात गेले आणि त्याचं डोकं फिरलं.

"साहेब, तान लागल्याली कवा बगितलीय का तुमी? जनावरं जीभ भायेर काढून आडाभवती हुबी ऱ्हात्यात, ती बगितल्यात?"

मुल्लासाहेब रागावले नाहीत. "बगितलीय," ते म्हणाले. "आन पान्यात बुडून मेल्याली रानंबी बगितल्यात. तुमी एकच बगितलंय, गड्या. उद्या तुमच्याच रानात खड्डा काढू. मंग काय त्यो खड्डाच सांगंल. ओढ्याकडच्या कोपऱ्यात काढू, सखल हाय."

"तितं साप हाय!" नाथाजी ओरडला.

"कसला साप?"

"नाग. जोडी हाय. लय कडक हाय."

चंद्राबाईनं पदर सावरत त्याच्याकडं नीट बघितलं. तिच्या रानात नागाची जोडी असल्याचं ती पहिल्यांदाच ऐकत होती. पण मुल्लासाहेब सापाला भीत असावेत. ते म्हणाले, "बरं, मधोमध काढू."

दुसऱ्या दिवशी चंद्राबाईच्या पाच एकराच्या मधोमध खड्डा सुरू झाला. खणायला नाथाजीच उतरला. आपण पाजलेल्या जमिनीत वावगं काय निघणार, असा त्याला अजूनही विश्वास होता. एक फूट झाला, दोन झाले. तिसऱ्या फुटाला माती लोण्यासारखी मऊ लागली. चौथ्याला खोरं 'पचक' वाजलं आणि चारी बाजूंनी पाणी पाझरायला लागलं.

"घटकाभर असू दे," मुल्लासाहेब म्हणाले. "किती वर येतंय ते बगू." आणि चंद्राबाईनं चहाला बोलावलं म्हणून ते तिच्याबरोबर घराकडं गेले. हा माणूस शिकलेला खरा, पण इथं त्याचं चुकलं. खड्ड्यापाशी त्यानं कुणाला ठेवलं? तर कवठे महांकाळच्या माणसाला. ज्याच्या गावात साठ फूट खणून खाली धोंडा लागतो, त्याला चार फुटांवर पाणी दाखवून तुम्ही चहाला जाता!

नाथाजीनं खड्ड्यातून जी आरोळी ठोकली ती अख्ख्या शिवारात ऐकू गेली. "पानी लागलं! चार फुटावर पानी लागलं!"

लोक हातातली कामं टाकून धावले. अंबूबाई घरी पळत गेली आणि हळदकुंकवाचं ताट घेऊन आली. कुणी नारळ आणला. कुणाच्या घरी पंचायतीच्या निवडणुकीतला गुलाल उरला होता, तो आला. नाथाजीला वर ओढून असा रंगवला की नुसते डोळे तेवढे ओळखू येत होते. खड्ड्याच्या काठाला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, अर्धी करवंटी पाण्यात तरंगायला लागली. लालासाहेबांना चार माणसं एका ठिकाणी दिसली की भाषण सुचायचं. ते ढेकळावर चढले. "ह्यो झरा म्हंजे आपल्या योजनेचंच पुन्य हाय," असं त्यांनी सांगून टाकलं आणि झऱ्याला आपल्या वडिलांचं नाव द्यायचंही जाहीर केलं. टाळ्या पडल्या. नाथाजी ढसाढसा रडत होता. महांकाळात राहिलेल्या भावाला आज पत्र टाकायचं, त्याला म्हणायचं ये, हितं जिमिनीला टाचंनं टोकरलं तरी पानी येतंय, असं काय काय त्याच्या मनात येत होतं.

मुल्लासाहेब परत आले ते ह्या जत्रेत. त्यांनी हळदकुंकू बघितलं, करवंटी बघितली, लाल झालेला नाथाजी बघितला आणि मटकन बांधावर बसले.

"आरं खुळ्यांनो," ते म्हणाले, तेही हळू आवाजात, "ज्यानं तुमचं रान मरायलंय, त्येलाच नारळ फोडताय व्हय?"

"आसं कसं बोलताय साहेब?" लालासाहेबांनी ढेकळावरूनच विचारलं. "गंगा हाय ती."

"मंग प्या की! प्या आन सांगा कसं लागतंय."

नाथाजी पुढं झाला. तीर्थ घेतात तसं उजव्या तळहातावर पाणी घेतलं, ओठाला लावलं, उरलेलं डोक्यावरून फिरवलं. तोंडात चव पसरली आणि त्याला ती लगेच ओळखू आली. महिनाभर रोज सकाळी खराट्याखाली हीच चव होती. म्हणजे खार त्याच्या कोपऱ्यातच नव्हता. तो सगळ्या पाच एकराखाली येऊन बसला होता. सगळी वाडी त्याच्या तोंडाकडं बघत होती, आणि सगळ्यांच्या पुढं चंद्राबाई.

"ग्वाड हाय," नाथाजी म्हणाला. "नारळाच्या पान्यावानी."

लालासाहेबांनी लगेच ओंजळ मारली. त्यांचा चेहरा लिंबू चावल्यासारखा झाला. पण आत्ताच त्यांनी ह्या पाण्याला वडिलांचं नाव दिलेलं. ते घोट गिळून म्हणाले, "लय ग्वाड." चेअरमननं गोड म्हटल्यावर आणखी चौघांनी प्यायलं, ठसकले आणि गोडच म्हणाले.

मग चंद्राबाई वाकली. तिनं चूळभर पाणी तोंडात घेतलं आणि सगळ्यांदेखत बाजूला थुंकली.

"नाथाभाऊ," ती म्हणाली, "ह्ये ग्वाड हाय?"

नाथाजीनं खाली बघितलं. ह्या बाईनं त्याला ओल्या धोतरानिशी दारात घेतला होता. तिच्याशी त्याला आणखी खोटं बोलवेना.

"न्हाई आक्का," तो म्हणाला. "चला, दावतो."

तो पुढं आणि वाडी मागं. ओढ्याकडचा कोपरा आला. नाग नव्हता, नागीण नव्हती. पांढरं फटक पडलेलं रान होतं आणि बांधाला टेकवलेला खराटा होता. खराटा बघून लालासाहेबांना आपल्या तीन चुलींतली राख आठवली आणि ते काहीतरी पुटपुटले, पण तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

"म्या केलं ह्ये," नाथाजी म्हणाला. "येक सरी उपाशी ठिवली न्हाई, आक्का. दुष्काळात माजी दोन बैलं पान्यावाचून गेली. म्या म्हनलं, आता माज्या हाताखालचं काय बी तान्हेलं ऱ्हायाचं न्हाई. पाजून पाजून मारलं म्या तुमचं रान. यष्टीचा टाइम सांगा, मी जातो." अंबूबाईनं पदर तोंडात कोंबला होता.

चंद्राबाईनं वाकून ते पांढरं चिमटीत धरून बघितलं. तिलाही रडू आलं असावं, पण नवरा पलटणीत असलेल्या बायकांना चारचौघांत रडायची सवय नसते. "आदी त्वांड पुसा," ती म्हणाली. "गुलाल तोंडात चाललाय." मग ती मुल्लासाहेबांकडं वळली. "साहेब, रान मेलं का जित्तं हाय?"

"जित्तं हाय," मुल्लासाहेब म्हणाले. "पर त्या खड्ड्यापासनं ओढ्यापतुर खोल चर काढाय पायजे. मुरल्यालं पानी भायेर गेलं, की खार उतरंल हळूहळू. दोन वर्सं लागतील. आन चर जायाचा तो ह्याच कोपऱ्यातनं. ह्यांच्या वीस गुंठ्यातली निम्मी जागा जाईल."

"आयकलंसा?" चंद्राबाईनं नाथाजीला विचारलं. "गडी लावते चराला. चरातनं पानी व्हायलं तर तुमी हितलं. न्हाई व्हायलं, तर मंग यष्टीचं बगू."

"गडी लावायचा न्हाई," नाथाजी म्हणाला. "म्याच काढतो."

त्यानं सतरा दिवस चर खणला. पाच फूट खोल, स्वतःच्याच रानाच्या छातीतून. अंबूबाई माती वर टाकायची. वाडीतले लोक बांधावर बसून बघायचे. पाणी आणायला चर खणतात हे सगळ्यांना माहीत होतं, पण पाणी घालवायला खणणारा माणूस त्यांनी बघितला नव्हता. नाथाजीनंही बघितला नव्हता. खणता खणता तो मुल्लासाहेबांना आणि त्यांच्या फटफटीला अशा शिव्या द्यायचा की अंबूबाई कानावर हात ठेवायची. पण शिव्या देताना त्याचा हात कधी थांबला नाही. राखेचा घोटाळा विसरून लालासाहेब रोज चहा पाठवायचे. त्यांच्याही रानात आता एका वरंब्यावर पांढरं दिसायला लागलं होतं, हे त्यांनी अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

अठराव्या दिवशी ओढ्याच्या तोंडाशी हातभर मातीचा बांध तेवढा राहिला. मागं चरात गुडघाभर पाणी येऊन थांबलं होतं. मुल्लासाहेब मुद्दाम आले. चंद्राबाई आली. नाथाजीनं कुदळ उचलली आणि खाली ठेवली. परत उचलली, परत खाली ठेवली.

"साहेब," तो म्हणाला, "घागरभर ठिवून घिऊ का?"

"खारट पानी घिऊन काय करनार?"

"काय न्हाई. आसंच."

"फोड, गड्या," मुल्लासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज आज ओढ्यापलीकडं गेला नाही.

नाथाजीनं डोळे मिटले आणि कुदळ घातली. बांध फुटला. पाणी आधी जरा घुटमळलं, मग खळखळत ओढ्यात उतरलं आणि वळणाआड जायला लागलं. मुल्लासाहेब खड्ड्याकडं पळाले आणि तिथूनच ओरडले, "उतरतंय! ईतभर उतरलं!" चंद्राबाईनं हात जोडले. ती नाथाजीला म्हणाली, "पुढल्या पाळीला दारं तुमीच धरायची. पर मी 'बास' म्हनलं की बास." मग ती अंबूबाईला घेऊन बांधावर बसली आणि दोघींनी भाकरीचं फडकं सोडलं.

नाथाजीनं कुदळ धुतली, पटका सोडून नीट बांधला, चपला पायात सरकवल्या आणि पाण्याच्या कडेकडेनं ओढा धरून चालायला लागला.

"आवं, भाकरी सोडलीया," अंबूबाई मागून ओरडली. "कुटं निगालासा?"

"नदीपतुर जाऊन येतो," तो मागं न बघता म्हणाला. "एवढं घरला आलं हुतं. पोचवाय नगं?"